वखारीची साडी

मंचर,
१४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. रत्नाला वन्संचा आशीर्वाद.

गौरीच्या जेवणाला आलीस तेव्हा तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "वन्सं, मागा." मी हसले आणि तुझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, म्हणजे तुझं तोंड बंद होईल. तुझं तोंड बंद झालं, पण ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. आता तूच निस्तर.

हकीकत अशी. आमचे रखमाजी मुकादम आषाढात डोळ्यांच्या दुखण्यानं गावी गेले ते परत आले नाहीत, येणारही नाहीत. तेव्हापासून वखारीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. सकाळी शेड मी उघडते. कुणी बटाटा निवडायचा, कुणी कांदा, बियाण्याचा माल कुठं ठेवायचा, कुठली गोणी कुठल्या ट्रकला जायची, सगळं मी सांगते. हमालांची भांडणंही मीच मिटवते. ट्रकवाले आले की "मुकादमीणबाई कुठंयत?" असं विचारतात. आणि शनिवारी पैसे घ्यायची वेळ आली की मी निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहते आणि त्यांच्याएवढाच रोज घेऊन घरी येते.

लक्ष्मीपूजनाला गादीची पूजा झाली की बाजीरावशेठ नवा मुकादम कोण ते सांगणार आहेत. रत्ना, मला ते काम हवंय. लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. आमच्या श्रेयाच्या शिक्षणाला पैसे लागतात हे खरं, पण तेवढ्यासाठीच नाही. काम मी करते आणि नाव दुसऱ्याचं लागणार, याचा मला राग येतो. रात्री भाकरी थापताना एकटीच बडबडते. ह्यांनी परवा विचारलंसुद्धा, कुणाशी भांडतेस म्हणून.

तू बचत गटातल्या बायकांना मजुरी वाढवून मागायला शिकवतेस म्हणे. मग मलाही शिकव. नाथाला मात्र सांगू नकोस. धाकटा असला तरी भाऊ आहे, हसेल.

ठकू


डिंगोरे,
१९ सप्टेंबर १९९८

ती. वन्संना रत्नाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी गोठ्यात नेऊन वाचलं. म्हैस सोडून कुणालाही कळलेलं नाही, आणि ती कुणाला सांगायची नाही.

काल गटात आम्ही तुमच्या गोष्टीचं नाटक केलं. तुमचं नाव सांगितलं नाही, घाबरू नका. सोनीबाई शेठ झाली. पोटाला उशी बांधून, तक्क्याला टेकून अशी काही बसली की आम्ही हसून लोळलो. पण तिच्यासमोर एकेक बाई मागायला उभी केली, तर एकीच्याही तोंडून पगार हा शब्द निघेना. एकीनं पोराचं आजारपण सांगितलं, एकीनं नवऱ्याची दारू सांगितली, आणि एक तर सोनीबाईच्या पायाच पडली. सोनीबाईला ते इतकं आवडलं की उशी सोडायला तयार होईना.

म्हणून जुन्नरच्या शिबिरात बाई आम्हाला सांगतात तेच तुम्हाला सांगते. दुःखं सांगायची नाहीत. श्रेयाच्या बाबांच्या कंबरेचं दुखणं शेठना ठाऊक आहे, ते पुन्हा काढू नका. आधी काय काय काम करता ते सांगा, मग मुकादम म्हणून लावा म्हणा, मग पगार. "बघा, काही जमलं तर" असं चुकूनसुद्धा म्हणू नका. खुर्चीवर बसा. चहा बोलणं झाल्यावर घ्या, कारण चहा प्यायलो की आपण पाहुणे होतो आणि पाहुण्याला मागता येत नाही. आणि रखमाजींना महिन्याला काय मिळत होतं ते आधी काढा. आकडा माहीत नसला तर समोरचा म्हणेल ते गोड मानून यावं लागतं.

ह्यांना नाही सांगत. कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली, घरात कुणाच्या कामाधंद्याचं निघालं की हे उठून पारावर जातात. त्यांच्यापुढं हा विषय मी तरी काढणार नाही.

जा तुम्ही. सकाळी काट्यावर गर्दी व्हायच्या आत जा.

तुमची रत्ना


मंचर,
२७ सप्टेंबर १९९८

चि. सौ. रत्नाला आशीर्वाद.

गेले होते. खुर्चीवर बसलेसुद्धा. पण जानकाकाकी आत आल्या आणि मी सवयीनं उठले. शेठची बायको समोर उभी आणि आपण बसलेल्या, हे अंगालाच सहन होत नाही. मग पुन्हा बसायचं धाडस झालं नाही. बोलले ते उभ्यानंच.

एका दमात म्हणाले, "शेठ, आषाढापासनं मुकादमाचं समदं काम मी करती. मला मुकादम म्हणून लावा आन् रखमाजीला देत व्हता त्यो पगार मला द्या." आवाज कापत होता, पण शब्द सगळे बाहेर पडले.

शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसले आणि म्हणाले, "ठकू, आगं तू काय कामाची बाई हाईस व्हय? तू आमची लेक. दर दिवाळीला वटी भरतो ती काय उगंच? लेकीनं बापाकडं पगाराचं बोलायचं आसतं का?" काकींनी चहा पुढं केला. मी कप हातात घेतला आणि तसाच धरून उभी राहिले. मग शेठ म्हणाले, "हमाल लोक बाईचं ऐकत्याल का, त्येबी बगावं लागंल. दिवाळीला सांगतो. तुझ्या घरात आनंदच व्हईल, एवढं ध्येनात ठेव."

निघताना त्यांनी तुमची सगळ्यांची चौकशी केली. "भाऊ काय करतुया तुझा? आजून घरीच हाय का?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या माहेरचं लक्षात राहतं, त्याचं बरं वाटलं.

रखमाजीचा आकडा काही निघाला नाही. आमच्यात निवडायला असते ती सारजाबाई त्यांच्या शेजारची. ती म्हणते की त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हता. पुरुषमाणसं पगार सांगत नाहीत.

दिवाळीला काय होईल असं तुला वाटतं? मला कधी वाटतं झालं काम, आणि कधी वाटतं शेठनी हसून घालवलं.

ठकू


डिंगोरे,
१ ऑक्टोबर १९९८

ती. वन्संना नमस्कार.

शाब्बास वन्सं! उभ्यानं का होईना, बोललात. आमच्या गटात बसून बोलायला पण कुणी नाही.

पण ते "लेक" मला टोचलं. रागावू नका, स्पष्ट लिहिते. मामंजी गेल्यावर तुम्ही तलाठ्यासमोर हक्कसोडीवर सही केलीत आणि साडीचोळी घेऊन मंचरला गेलात. लेक म्हटलं की पुढं काय होतं ते तुम्हाला मी नको सांगायला. त्या रानात आज आम्ही भुईमूग करतो आणि तुम्ही कधी शब्दानं बोलला नाहीत. शेठ तुमची तीच सवय ओळखून आहेत. दिवाळीला ती वखारीची साडी देतील, सगळ्यांसाठी एकाच ताग्यातून फाडून आणलेली पोपटी, जांभळ्या काठाची, जी नेसली की बाजारात लोक ओळखतात, ही बाजीरावशेठकडची बाई. साडी घेतली की बोलणं संपलं.

म्हणून असं करा. ओटी काकी भरतात, ती घ्या. ओटीला नाही म्हणू नये. पण साडी शेठ स्वतःच्या हातानं देतात ना? ती घ्यायच्या आधी, सगळ्यांसमोर, विचारा. "मुकादम कोन?" एवढंच. आणि एकट्या विचारू नका. सारजाबाईंना, बाकीच्यांना आधी सांगून ठेवा. सगळ्यांनी हात मागं ठेवायचे. एवढ्या बायकांनी हात मागं ठेवले तर शेठना साडी हातात घेऊन नुसतं उभं राहता येणार नाही.

माझे हात तर आत्ताच शिवशिवतात.

तुमची रत्ना


मंचर,
९ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. रत्नाला आशीर्वाद.

सगळ्या तयार झाल्या. आधी कुरकुरल्या, दिवाळीची साडी हातची जाईल म्हणून. मग सारजाबाईच म्हणाली, "ठकू मुकादम झाली तर उद्या आपल्या रोजाचं बोलायला कुनीतरी आपलं आसंल." मग एकेक करून सगळ्या हो म्हणाल्या.

हमालांना कुणकुण लागली आहे. जानकू हमाल मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या हाताखाली पाठीवर गोनी घ्यायची म्हंजी लईच झालं राव." तीन महिने तो माझ्याच हाताखाली गोणी घेतोय, पण त्याला मुकादम म्हणत नव्हतं कुणी, म्हणून चाललं. काल शेडच्या किल्ल्या शेठनी माझ्याकडून मागून घेतल्या आणि संध्याकाळी परत दिल्या. का घेतल्या ते सांगितलं नाही. कांद्याचा भाव पेटलाय, वखारीत पाय ठेवायला जागा नाही, सगळे चिडलेले आहेत.

मला भीती वाटते. एकदा लिही, "हो, असंच करा." तुझं अक्षर कमरेला खोचून जाईन.

ठकू


डिंगोरे,
१३ ऑक्टोबर १९९८

ती. वन्संना नमस्कार.

पत्र मिळालं. इकडं सगळं ठीक. धाकटीला ताप होता म्हणून उशीर झाला.

मी पुन्हा विचार केला. सगळ्यांसमोर विचारणं बरं दिसणार नाही. शेठ मोठा माणूस, गादीच्या पूजेचा दिवस, भरलं घर. बायकांना थांबायला सांगा. दिवाळी होऊ दे, मग शांतपणे बोलता येईल. काय होईल ते चांगलंच होईल.

हे बरे आहेत. भाऊबिजेला येऊच.

रत्ना


मंचर,
२० ऑक्टोबर १९९८

रत्ना,

पोस्टानं उशीर लागेल म्हणून हे जुन्नर गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे.

तू थांब म्हणालीस म्हणून मी थांबले. बायकांना सांगितलं की हात मागं ठेवायचे नाहीत, काही विचारायचं नाही. सारजाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हटलं, माझ्या भावजयीला यातलं कळतं.

पूजा झाली. शेठ उभे राहिले. म्हणाले, "रखमाजीच्या जागी मुकादम म्हणून आपल्या ठकूचा भाऊ नवनाथ." आणि नाथा आतल्या खोलीतून आला. नवा शर्ट, टोपी, कपाळाला गंध. माझा नाथा. तो आत बसलाय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेठ मला म्हणाले, "काय ठकू, झालीस का खूश? घरातल्या घरातच ऱ्हायलं!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. नाथा हसत माझ्या पाया पडला.

मग काकींनी ओटी भरली आणि शेठनी साडी पुढं केली. आणि रत्ना, मी ती घेतली. हात आपोआप पुढं गेला. किल्ल्या कमरेच्या काढून नाथाच्या हातात दिल्या, तेही मीच केलं. घरी येऊन मी ती साडी फळीवर टाकली आणि रडले नाही. श्रेया मात्र रडली.

मला एकच सांग. तुला आधी माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.

भाऊबिजेला येऊ नका.

ठकूबाई


डिंगोरे,
३० ऑक्टोबर १९९८

ती. वन्सं,

हो.

एवढंच लिही म्हणालात, पण मला ते जमायचं नाही. राग आला तर इथंच फाडून टाका.

शेठचा माणूस दसऱ्यानंतर आला. हे पारावर होते, घरात मी आणि सासूबाई. त्यानं सांगितलं आणि सासूबाईंनी लगेच त्याच्या हातावर साखर ठेवली. हे घरी आले, त्यांना कळलं. वन्सं, दोन वर्षांनी हा माणूस जेवताना बोलला. पोरांना मांडीवर घेतलं. मला म्हणाले, "आक्कानंच शब्द टाकला आसंल माझ्यासाठी. ती काय बोलायची न्हाई, पर तिचंच काम हे." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर ते तिथंच थांबले असते. तुमच्या तोंडचा घास त्यांनी घेतला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. आणि म्हणूनच मी बोलले नाही. तुम्ही म्हणाला होता ना, नाथाला सांगू नको. मी त्या शब्दामागं लपले. गटात बायकांना शहाणपण शिकवणारी मी, माझ्याच चुलीपाशी आल्यावर मला पगार दिसला आणि तुम्ही दिसला नाहीत.

आणि मला साडी मिळाली. शेठनी ह्यांच्याबरोबर पाठवली, "सूनबाईला" म्हणून. पोपटी, जांभळ्या काठाची. घडी मोडलेली नाही.

तुमची चिठ्ठी आली त्या दिवशी ह्यांनी तुमच्यासाठी ओवाळणी आणून ठेवली होती. "येऊ नका" वाचून ते खालीच बसले. मग मी सगळं सांगितलं. आणलेली ओवाळणी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग आता मी काय करू? सोडू? पोरांना काय घालू?" दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले.

गटात सोनीबाईनं विचारलं, त्या मागणाऱ्या बाईचं पुढं काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही.

आता एकच गोष्ट माझ्याकडं आहे जी तुमच्या उपयोगाची आहे. ह्यांनी आनंदाच्या भरात मला पगार सांगितला. महिना अडीच हजार. रखमाजीला होता तेवढाच, असं शेठ स्वतः म्हणाले. घरातली गोष्ट बाहेर सांगते आहे हे ह्यांना कळलं तर काय होईल मला माहीत नाही. पण तुम्हाला आकडा हवा होता.

रत्ना


मंचर,
१० नोव्हेंबर १९९८

रत्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होते. अजून माझा राग गेलेला नाही, तो जाईल तेव्हा जाईल. पण तू हो लिहिलंस.

नाथाचं ऐक. तो बिचारा सकाळी येतो आणि माझ्या मागं मागं फिरतो. "आक्का, ह्यो माल कुठं टाकायचा? आक्का, ह्या ट्रकला कुनाला लावू?" मी सांगते. पाठच्या भावाला तोंडघशी कसं पाडू? म्हणजे काम पुन्हा मीच करते, आणि आता एक माणूस मध्ये उभा आहे. बाकीच्या बायका तेवढंच करतात जेवढं तो सांगतो. गोणी फाटली आणि बटाटे घरंगळले तरी कुणी उचलत नाही, कारण मुकादमानं सांगितलं नाही. तो ओरडत नाही, नुसता घाम पुसतो. मला त्याची दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

आता ऐक. येत्या २२ तारखेला शेठच्या मुलीचं लग्न आहे. वखारीतल्या सगळ्यांना आमंत्रण आहे, तुम्हालाही येईल. त्या साडीचं काय करायचं ते आम्ही ठरवलं आहे. साडी परत नेऊन दिली तर काकींचा अपमान होईल. त्या वाईट बाई नाहीत, ओटी मनापासून भरतात. पण लग्नात आहेर करायला कुणाची मनाई आहे? शेठ सगळ्यांना लेकी म्हणतात ना? मग घरच्या लग्नात लेकींनी आहेर नको करायला? आणि आहेर माइकवर नाव घेऊन पुकारतात. बहुतेकींनी साडीची घडी न मोडता हळदीकुंकू लावून ठेवली आहे. ज्यांनी नेसली होती त्यांनीसुद्धा धुऊन, घडी घालून तयार ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जायचं नाही, दाराबाहेर बसायचं. ट्रक उभे राहतील. पुढं काय होईल मला माहीत नाही. कदाचित सगळ्यांना घरी बसवतील. सारजाबाईच्या घरात तिच्या एकटीचा रोज येतो, तरी ती येणार आहे. मला जेवण जात नाही.

तुझ्याजवळही एक साडी आहे. तू काय करायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही.

ठकू


डिंगोरे,
२५ नोव्हेंबर १९९८

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही रांगेत होता, माना खाली घालून. तुम्हाला शेठचं तोंड दिसलं नसेल. मी मुकादमाची बायको म्हणून पुढच्या खुर्च्यांत होते, मला सगळं दिसलं, म्हणून लिहिते.

सारजाबाईंचं नाव पुकारलं, "यांच्याकडून वधूला एक साडी." शेठ कौतुकानं हसले. शेजारी बसलेल्या व्याह्यांना म्हणाले, "आमच्याकडं कामाला हायेत, पर पोरीच जनू." मग दुसरी आली, मग तिसरी. पोपटी, पोपटी, पोपटी. शेठचं हसू चौथ्या साडीपर्यंत टिकलं. काकींना त्यांच्या आधी कळलं. त्यांनी एकदम पदर सावरला आणि उभ्या राहिल्या. येईल त्या बाईला कुंकू लावत राहिल्या आणि साडी घेत राहिल्या. वरमाईनं मोठ्यानं विचारलं, "आवो, ह्या समद्या येकाच ताग्यातल्या कशा?" मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळीकडं कुजबुज झाली. मंचरच्या अर्ध्या बाजाराला ती साडी ओळखीची आहे. शेठ व्याह्यांकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते.

तुमची पाळी आली तेव्हा मी उठले. पिशवीत साडी होती, पण देईन की नाही हे तोपर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं. ह्यांनी माझा पदर धरला. हळूच म्हणाले, "रत्ना, खाली बस. माझी नोकरी हाय ती." मी पदर सोडवून घेतला. घाईत व्यासपीठाच्या पायरीवर अडखळले. माइकवाला म्हणाला, "मुकादम नवनाथ यांच्या मंडळींकडून." मी त्याला म्हटलं, "माझं नाव घ्या. रत्ना, डिंगोरे." त्यानं घेतलं. तुम्ही तेव्हा मान वर केलीत आणि माझ्याकडं बघितलंत. मला रडू आलं, पण लग्नात सगळ्याच रडतात, कुणाला काही वाटलं नाही.

येताना एसटीत हे माझ्या शेजारी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले आणि दुपारच्या आत परत आले. एवढंच म्हणाले, "समद्या भाईर बसल्यात. आक्काबी. किल्ल्या शेठच्या टेबलावर ठेवून आलो." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, म्हशीचं करतात, झोपतात. सासूबाई मला ऐकवून देवाशी बोलतात. मी केलं त्याचा पस्तावा नाही, पण घरात फार जड झालंय.

तिकडं काय झालं? काल ह्यांनी पोराकरवी विचारलं, "आत्याचं पत्र आलं का?" म्हणून. लवकर लिहा.

तुमची रत्ना


मंचर,
३ डिसेंबर १९९८

चि. सौ. रत्नाला खूप आशीर्वाद.

काम मिळालं. आधी ते सांगते, म्हणजे तू श्वास घेशील. नाथालाही वाचून दाखव. तो ऐकत नाही असं दाखवेल, तरी मोठ्यानं वाच.

आम्ही दाराबाहेर बसलो. पहिल्या दिवशी शेठ आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीतून आले आणि आमच्याकडं न बघता आत गेले. ट्रक रस्त्यावर लागलेले, ड्रायव्हर शिव्या देत होते. आत कांदा तापायला लागला होता, वास बाहेर येत होता, आणि भाव असा की एकेक गोणी सोन्याची. हमालांनी स्वतःच निवडायचा प्रयत्न केला. तासाभरानं जानकू बाहेर येऊन आमच्याजवळ बसला आणि तंबाखू मळत म्हणाला, "आक्का, ह्ये आमचं काम न्हाई." तिसऱ्या दिवशी शेठनी मला आत बोलावलं. सारजाबाईनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

मी खुर्चीवर बसले. काकी आत आल्या. रत्ना, मी उठले नाही. मांड्या उठायला निघाल्या होत्या, मी हातांनी खुर्ची धरून ठेवली. काकींनी माझ्याकडं बघितलं, मग दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला बसल्या. चहा आला, तो तसाच राहू दिला.

शेठ म्हणाले, "लेकीनं बापाचं नाक कापलं. व्याह्यांम्होरं." मी म्हटलं, "शेठ, लेकींनी आहेर केला. त्यात काय चुकलं ते सांगा." मी पुन्हा पहिल्यासारखं सगळं काम सांगितलं, आवाज कापला नाही. मग म्हणाले, "बरं. आजपासनं मुकादम तू. महिना पंधराशे. बाईमानसाला लई झालं." पूर्वीची ठकू तिथंच पाया पडली असती. खोटं कशाला, पंधराशे ऐकून माझ्याही जिवाला बरं वाटलं होतं. पण तुझा आकडा पोटात होता.

बायकांच्या रोजाचं संक्रांतीआधी बोलायचं असंही मी सांगून आले. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते पुढचं भांडण. काट्यावर माणूस लागणार आहे, नाथाला यायचं असेल तर येऊ दे, पण मुकादम मी असेन हे त्याला आधी सांग. आणि त्याला म्हणावं, राहिलेली भाऊबीज अजून राहिलीच आहे, पाटावर येऊन बस. आणलेली ओवाळणी खर्चली असली तरी चालेल. तूही ये. माझा राग सगळा गेलेला नाही, पण जेवायला वाढण्याइतका गेला आहे.

तर मी शेठना म्हटलं, "अडीच हजार. रखमाजीला व्हता त्यो, आन् नाथाला ठरला व्हता त्यो." शेठ ताठ बसले. नाथाकडून तर ही गोष्ट निघायची नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक. "कुनी सांगितलं तुला?" म्हणाले.

मी म्हटलं, "कुनी न्हाई शेठ. घरातल्या घरातच ऱ्हायलं."

काकींनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं बघत बसल्या. शेठनी टेबलावरच्या किल्ल्या माझ्याकडं सरकवल्या आणि "अडीच," म्हणाले. मग मी तो चहा प्यायले. पार गार झाला होता.

ठकू